मोकळ्या हवेचं घर

खिडकी उघडली आणि समोर भिंत आली. शेजारच्या इमारतीची, गिलावा न केलेली. हात बाहेर काढला असता तर बोटं टेकली असती. ताईने खिडकी पुन्हा लावून घेतली.

"दिवा लाव गं," मागून आई म्हणाली. "सांज झाली."

सकाळचे अकरा वाजले होते. लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. तीन जिने चढून आलेल्या आईचा श्वास काही ठिकाणावर येत नव्हता. धाकटा भाऊ तिच्या खुर्चीमागे उभा होता. काल ताबा मिळाला, आज त्याने बहिणीला घर बघायला बोलावलं होतं. तोवर काम चालू आहे म्हणून कुणाला आत सोडत नव्हते.

ताईला घर नवं होतं, पण इमारतीचं नाव तिने खाली पाटीवर वाचताच ओळखलं होतं. या योजनेची जाहिरात तिनेच लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी, ऑफिसात बसून, जागा न बघता. समोर संगणकावर काढलेलं चित्र होतं. मोठी खिडकी, फुगलेला पडदा, पलीकडे तळं. त्याखाली चार ओळी हव्या होत्या. तिच्या पहिल्याच ओळी साहेबांनी उचलल्या. पुढे तिने अशा कितीतरी योजनांचं लिहिलं. कुठल्या, ते घरी कधी बोलली नाही.

भाऊ मेकॅनिक. साधा नट घेतानाही आटे फिरवून बघणारा. दुकानदाराच्या शब्दावर त्याने कधी चप्पलसुद्धा घेतली नव्हती. आणि आईला मोकळ्या हवेत ठेवा असं डॉक्टर म्हणाले, तर या गड्याने राहतं घर विकून नुसत्या कागदावर हे घेतलं.

"मला एका शब्दाने विचारायचंस तरी!" ताईचा आवाज चढला. "या लोकांच्या जाहिरातींवर कोणी विश्वास ठेवतं का? तळं म्हणे! शेंबड्या पोरालाही कळलं असतं."

आईला खोकल्याची उबळ आली. भाऊ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. उबळ ओसरली.

"तळ्याला नाही भुललो मी," तो म्हणाला. "चित्रं खोटीच असतात, एवढं मलाही कळतं. पण खाली लिहिलं होतं, 'वारा यावा नि निजलेल्यावर पांघरूण घालून जावा.' आई आपल्याला थोपटताना म्हणायची ते. दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?"

ताई लावलेल्या खिडकीकडे वळली.

"म्हटलं, हे ताईने लिहिलंय. मग जाऊन बघायला कशाला हवं?"