यानावरचा आठवा

"यानाचं दार कसं उघडायचं? वर की बाजूला?"

चष्मेवाल्याने प्रश्न टाकला आणि नव्या बाईंच्या चेहऱ्यावर नजर रोखली. दुकानाला सुट्टी होती. शटर अर्धं ओढलेलं होतं. भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमाही बाईंकडेच बघत असल्यासारख्या वाटत होत्या.

"फुस्स व्हायचं," बाई म्हणाल्या, "आणि मग टक्."

"आवाज नाही विचारला. उघडायचं कसं?"

बाईंनी पुन्हा नुसतं फुस्स करून दाखवलं. छापखानेवाल्याने नर्सबाईंकडे बघून भुवया उडवल्या.

'दूरयान' ही मालिका या सगळ्यांच्या लहानपणी एकदाच लागली होती. पुढे वाहिनीच्या गोदामाला आग लागली आणि टेप जळून गेल्या. मालिका उरली ती फक्त बघणाऱ्यांच्या डोक्यात. म्हणून हे तिघं दर सुट्टीला चष्म्याच्या दुकानात जमायचे आणि एकेक भाग आठवून आठवून लिहून काढायचे. नर्सबाई टाइप करायच्या. कुणाला चेहरे आठवायचे, कुणाला लढाया. संवादांच्या नावाने मात्र बोंब होती.

त्यात गेल्या वर्षी एक गोडबोल्या येऊन दोन-तीन भाग धडाधड सांगून गेला. सगळे मनचे निघाले. ते निस्तरताना नाकी नऊ आले. खोटं वाक्य एकदा आत शिरलं की खरं कुठलं ते त्यांनाही कळेनासं व्हायचं. तेव्हापासून परीक्षा घेतल्याशिवाय चष्मेवाला नव्या माणसाला पाणीसुद्धा विचारत नसे.

या बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. संवाद विचारा, घडाघडा म्हणायच्या. इंजिन बंद पडतं त्या भागातलं डॉक्टर आणि कप्तानाचं भांडण त्यांनी असं म्हणून दाखवलं की नर्सबाईंच्या अंगावर काटा आला. "अगदी हेच! अगदी अस्संच म्हणाला होता तो!" पण गणवेशाचा रंग? माहीत नाही. डॉक्टरला दाढी होती का? माहीत नाही. कप्तान उंच की बुटका?

"आवाजावरून उंच वाटायचा," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जिने मालिका पाहिली तिला रंग आठवत नाही, हे कसं? कुठून तरी कागद मिळवून पाठ केलेले दिसतात. नाहीतर त्याच गोडबोल्याची कुणीतरी असणार.

खरं तर अशा माणसाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती. शेवटच्या भागातलं शेवटचं वाक्य कुणाकडेच नव्हतं. कप्तान एकटाच यान अंधारात नेतो, वळून काहीतरी म्हणतो आणि संपतं. छापखानेवाला तोवर झोपून गेला होता. नर्सबाई हुंदके देत होत्या. चष्मेवाला टक्क जागा होता, पण त्याचा शेजाऱ्यांनी घात केला. एक नंबरचे खडूस लोक. नळाच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं होतं आणि त्याचा राग ते मालिकेवर काढायचे. ऐन रंगात आली की भिंतीवर धाडधाड. वडील बिचारे भिडस्त. आधीच आवाज बेताचा ठेवायचे, ठोकलं की आणखी लहान करायचे. शेवटच्या भागात कप्तानाचे नुसते ओठ हलले. पन्नाशी उलटली तरी चष्मेवाल्याने त्या शेजाऱ्यांना माफ केलं नव्हतं.

"बरं, यानावर माणसं किती?" त्याने शेवटचा प्रश्न विचारला.

"आठ."

"सात!" तिघंही एकदम म्हणाले.

बाईंनी बोटं मोजली. "सात ते बोलणारे. आणि बोकोबा?"

छापखानेवाला खो खो हसत सुटला. "बोकोबा? आमच्या दूरयानात?"

"हो, खिडकीशी बसणारा," बाई गोंधळून म्हणाल्या. "दर भागात कुणीतरी बाई त्याला ओरडायची. 'मागे सरक रे बोकोबा, काचेत शिरशील आता!' मला धास्ती वाटायची, काच फुटली तर पोरगं बाहेर अवकाशात जाईल. तो कधी एक शब्द बोलला नाही, पण मला सगळ्यात तोच आवडायचा."

"झालं, सापडल्या!" छापखानेवाला म्हणाला. "एवढंही खोटं बोलू नये बाई माणसाने."

चष्मेवाला हसला नाही. काच पुसायचं फडकं त्याच्या हातातून कधी गळलं, त्याला कळलं नाही. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याला त्या नावाने हाक मारणारं आता जगात कुणी नव्हतं.

"तुम्ही मालिका पाहिलीच नाहीत ना?" त्याने हळू आवाजात विचारलं.

बाईंनी मान खाली घातली. "नाही. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारी होता, पण त्यांच्याशी वडिलांचं बोलणं नव्हतं. भिंतीला कान लावून ऐकली सगळी. लबाडी करायची नव्हती मला. पण ऐकली म्हटलं असतं तर तुम्ही आत घेतलं असतं का?"

छापखानेवाल्याने जीभ चावली. चष्मेवाला उठला, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"आणि शेवटचं वाक्य?" त्याने विचारलं.

"तेवढं राहिलंच हो," बाई म्हणाल्या. "नेमका तेव्हाच आवाज लहान झाला. मोठा करा, मोठा करा म्हणून मी मुठी दुखेपर्यंत भिंत ठोकली. पण शेजारी इतके खडूस, ठोकलं की आणखी लहान करायचे."