उजवा पाय

सासूबाई दाराशी उजेडात तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडलेले तांदूळ त्या उंबऱ्यावरच्या मापात टाकत होत्या. मृणालनं नवी सून म्हणून ओलांडलेलं तेच पितळी माप. मृणाल बाहेर उभी होती आणि तिच्या हातातली भाजीची पिशवी हलत होती.

“काय आणलंस?”

“आई, नुसतं बघा तरी. दत्तक शिबिरात ही माझी ओढणीच सोडेना.”

पिशवी ‘म्याव’ म्हणाली.

“मांजर? आल्या पावली परत नेऊन दे.”

तेवढ्यात पिशवीतून ठिपकेदार डोकं वर आलं आणि कुणाला काही कळायच्या आत पिल्लानं घरात उडी घेतली. मृणालनं गच्च डोळे मिटले. माप घणघणत कलंडल्याचं तिला नुसतं ऐकू आलं.

ओरडा काही येईना, म्हणून तिनं डोळे उघडले. तांदूळ थेट देवघरापर्यंत पसरले होते आणि त्यात बसून पिल्लू पंजा चाटत होतं. सासूबाई एकटक बघत होत्या.

“खरं सांग, मापाला उजवाच पाय लागला ना?”

“उजवाच,” मृणाल छातीठोकपणे म्हणाली.

“मग उभी काय राहिलीस? ओवाळायचं ताट आण.”