सौम्य चिरूट

"नवख्याला ठसका लागणार नाही असा दे. आणि स्वस्त," वैजू म्हणाली.

दुकानदारानं एक सौम्य चिरूट पुढं केला. "राखणदार हसेल हो याला."

वेशीवरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, दर वर्षी बाबा चिरूट पेटवून ठेवत. पेटवताना ठसका लागला तर राखणदार रुसतो, असं गाव मानायचं. यंदा बाबा दवाखान्यात होते. दुपारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"धूर गिळू नकोस, पोरी. गालात धर, हळूच सोड," राखणदाराच्या दगडापाशी थोरले काका म्हणाले. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला त्यांनी असंच सावकाश शिकवलं होतं.

तिनं झुरका घेतला. धूर थेट घशात गेला आणि ती ठसकली. तिनं दचकून काकांकडे पाहिलं.

"असू दे," काका म्हणाले. "तुझा बापूस दर वर्षी ठसकायचा. त्यावरूनच राखणदार ओळखतो, आपलं माणूस आलं म्हणून."

बाबा कधीच ठसकले नव्हते. दर वर्षी नारळ धरून तीच शेजारी उभी असायची. वर्गात कुणाचं खोटं खपवून न घेणारे काका आज स्वतः खोटं बोलले होते.

आता मात्र तिला खरी भीती वाटली.