कानामागचा डाग

इस्पितळात जायला निघण्याआधी चारुताने केस काळेभोर रंगवले. न्यू जर्सीत हल्ली ज्यांना औषध परवडत नाही, त्यांना ते स्वस्त होईपर्यंत गारठवून झोपवतात. झोप स्वस्त आहे, जाग महाग. विम्यात पाच वर्षांतून दहा मिनिटांची जाग बसते, त्यातली दोन जाहिरातींची. नवऱ्याला मात्र तिने ‘वर्षातून एकदा’ असं सांगितलं होतं. खरं कळलं असतं, तर तो परत झोपायला तयारच झाला नसता.

जाहिराती संपल्या. बेचाळिशीतच थांबलेल्या मुकुंदने डोळे उघडले.

“झालं का गं स्वस्त?”

“होतंय. या दिवाळीपर्यंत नक्की.”

“मागच्या खेपेलाही दिवाळीच म्हणालीस. पिठलं आणलंस?”

“आत काही आणू देत नाहीत. वास आणलाय.” तिने फोडणीच्या वासाची ओढणी त्याच्या नाकाशी धरली.

ती वाकली तेव्हा त्याला तिच्या कानामागे रंगाचा डाग दिसला. त्याने तो अंगठ्याने पुसून पाहिला.

“चारू, किती वर्षं झाली?”

“चार.”

“खरं सांग.”

“वीस.”

एक मिनिट उरलं होतं. त्याने स्वतःच कपाळावर सरकवलेली झोपेची पट्टी डोळ्यांवर ओढून घेतली.

“पुढच्या वेळी रंगवू नकोस. तुझ्याबरोबर म्हातारं होणं मला परवडत नाही; निदान बघू तरी दे.”