अडलेलं आत्मचरित्र

बाबांचं आत्मचरित्र ऐन रंगात आलं आणि नव्या लॅपटॉपमधलं लेखनाचं सॉफ्टवेअर रुसून बसलं. फुकटची मुदत संपली, आता लायसन्स की टाका, म्हणे. ती की लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवर, आणि बाबांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून लॅपटॉप पुस्तकांच्या दोन चळतींवर चढला आणि आई, गाडीखाली शिरलेल्या मेकॅनिकसारखी, खालून एकेक अक्षर सांगू लागली. मी फोनवर.

"एम फॉर मांजर, पी फॉर पातेलं..."

"चुकीची आहे म्हणतोय!" बाबा कडाडले. "सकाळपासून हेच! दुकानदाराने टोपी घातली आपल्याला."

स्टिकरचा फोटो मी मागवून घेतला होता. त्यात पी नव्हताच. तिथे स्वच्छ टी होता. बाबा पाणी प्यायला आत गेले, तसं मी म्हटलं, "आई, पी कुठला? टी आहे तो."

"दिसतंय मला," आई कुजबुजली. "आमच्या लग्नापर्यंत आलेत. आता माझ्या माहेरच्यांचा उद्धार होणार. जरा निवू देत."

मी कपाळावर हात मारला. बाबा परत आले.

"बाबा, फोटो आहे माझ्याकडे, मीच सांगते. लग्नानंतर कुठलं प्रकरण घेताय?"

"थेट तुझं कॉलेज. ती मोटरसायकलवाल्याची भानगड अगदी सविस्तर लिहिणार आहे."

मी घसा खाकरला.

"हं, टाका बाबा. एम फॉर मांजर, पी फॉर पातेलं..."