कोरड्या तोंडाचं गणित

"गाईला चार पाय असतात. या जनावराला चार पाय आहेत. मग ती गाय का?" हैबतराव मास्तरांनी विचारलं.

"व्हय!" रिहे गावच्या प्रौढ वर्गातले निम्मे लोक ओरडले.

"का? गाढवाला चार पाय नसत्यात व्हय?" सारजाबाई म्हणाली.

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "आता हे ऐका. चोराचं तोंड कोरडं पडतं. याचं तोंड कोरडं पडलंय. मग हा चोर का?"

सगळ्यांच्या माना भिकूकडे वळल्या. बिचारा कोपऱ्यात पाटी पुसत बसला होता.

एकोणऐंशी साल होतं. रंभाबाईंचे चांदीचे तोडे लग्नाच्या गडबडीत घरातून गेले होते. गावची जुनी रीत अशी, की घरात ये-जा असणाऱ्यांनी अमावस्येला देवळापुढे कोरडे तांदूळ चावून थुंकायचे. ज्याचं पीठ कोरडं पडेल तो चोर. भिकू रंभाबाईंचा गडी, त्यात परगावचा, नेऱ्याहून आलेला. तांदूळ अजून कुणी चावले नव्हते, पण निकाल गावानं कधीच लावून टाकला होता. चोर ठरला तर तो बायकापोरांसकट गावाबाहेर जाणार होता.

मास्तर रंभाबाईंच्याच पडवीत भाड्यानं राहत. भिकूची पोरं रोज डोळ्यांपुढे दिसत. महिनाभर त्यांनी तेच एक गणित उलटसुलट करून घातलं.

"तापात अंग तापतं. हिचं अंग तापलंय. मग हिला ताप का?"

"उनातनं आली आसंल!"

लोक तयार होत गेले. पण भिकूचं नाव निघालं की पुन्हा घसरत. वर्गात शहाणे, पारावर पहिल्यासारखेच. मास्तरांना घास गोड लागेना.

अमावस्येला सकाळी सात जण ओळीनं बसले. सहा जणांनी ओलं थुंकलं. भिकूच्या ओठांतून कोरडं पीठ उडालं.

"झालं!" पंच कुशाबा उठले. "उद्याच्याला गाव सोडायचं."

"थांबा, तात्या," सारजाबाई म्हणाली. "चोराचं तोंड कोरडं पडतंय, कबूल. पर भ्यालेल्याचं बी पडतंय की. ह्यो तर महिनाभर भ्यालाय."

मागून आणखी चार जण उठले. मग सगळा वर्गच बोलायला लागला. कुशाबांनी डोळे वटारून पाहिले, शिव्या हासडून पाहिल्या, शेवटी हात झटकले. "ऱ्हाऊ दे त्याला."

भिकूची बायको रडायला लागली. मास्तरांनी डोळे पुसले. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

"मास्तर, तुमीच ही अक्कल दिली," सारजाबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "मी घरी बी घोकत हुते. गडी हाय म्हणून चोर, ही चूक. मग शिकलेला हाय म्हणून साव, ही बी चूकच न्हवं का? तुमी त्याच घरात ऱ्हाताय. पर तांदूळ चावायला तुमाला कुणी बसवलंच न्हाई."

"सारजे, त्वांड आवर!" कुशाबा खेकसले.

"आन् म्हैनाभर येकच गणित का वो घातलंत? चला, तुमची पेटी बघू."

"मास्तरांची पेटी?" कुशाबा ओरडले. "लाज वाटती का तुला?"

"पेटीत नाहीत ते आता," मास्तर म्हणाले.