नऊ मीटर

जुन्या चर्चच्या आवारात दोघे भावंडे धापा टाकत थांबली. कुणीतरी लपवलेला डबा मोबाइलच्या नकाशावरून हुडकायचा आणि आतल्या वहीत पहिली सही ठोकायची, असा हा खेळ. पण तो मान आजवर प्रत्येक वेळी दुसऱ्यानेच पटकावला होता.

"दादा, नऊच मीटर! आज वही कोरी असणार!"

"जरा दम खाऊ दे गं. डबा काय पळून जातोय?"

दोघेही जागचे हलले नव्हते. तरी तिच्या हातातल्या मोबाइलवर आठ झाले, मग सात.

"दादा, तोच येतोय आपल्याकडे!" तिने हर्षाने पेनाचे टोपण काढले.

पाच. तीन.

समोरच्या खडीच्या वाटेवर कुणीही नव्हते. केवळ खडे एकामागून एक दबत होते, आणि पेन पुढे धरून ती हसत उभी होती.